कुठं लागला?

गोठवलेलं मांस तव्यात पडलं की आधी पाणी सोडतं. ताजं सोडत नाही. ते पडल्या पडल्या चरचरतं.

•

शाळेची बस उतारावर लहान गिअरात ठेवून न्यायची. ब्रेक मारत उतरलं की मागच्या बाकावरची मुलं एका सुरात ओरडतात, “धक्का! धक्का!”

•

बेथच्या बारमध्ये गल्ल्याच्या वर एक आडवी दोरी बांधलेली आहे. तिच्यावर शर्टांच्या खालच्या कडा लटकतात, प्रत्येकीवर शाईने नाव. बाण चुकला की चारचौघांत शर्टाची कड कापायची, हा खोऱ्यातला रिवाज. लाल-काळ्या चौकटीच्या एका तुकड्यावर नुसतं ‘मिलवॉकी’ लिहिलेलं होतं.

•

मिलवॉकी शहरात, विटेकांच्या घरी, मांस खाटकाकडून पांढऱ्या कागदात गुंडाळून यायचं. रोमनच्या आईने त्या पुड्याला कधी कुठल्या जनावराचं नाव दिलं नाही. म्हणायची, “पुडा आणलास का?”

•

फुप्फुसातलं रक्त गुलाबी, फेसाळ. कलेजीतलं दाट, काळपट. बाण पोटाच्या कोठ्यातून आरपार गेला असेल तर रक्त नावापुरतं आणि बाणभर हिरवट चिकटा.

•

“कुठं लागला?”

“छातीत,” रोमन म्हणाला. “खांद्याच्या अगदी मागे.”

•

हे फोनवरचं बोलणं. विचारणारा ऑर्लिन हौगन, रोमनचा सासरा. तो त्या वेळी आपल्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. रोमन त्याच्याच रानात, मक्याच्या शेताला लागून असलेल्या ओकच्या झाडाखाली उभा होता. झाडावर मचाण, हातात ऑर्लिनचं जुनं, दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य. ऑक्टोबरातला शनिवार. त्या महिन्याला न शोभणारी ऊब सकाळपासूनच हवेत होती.

पहिला फोन त्याने मचाणावरूनच केला होता. “ऑर्लिन! लागला! मादी आहे, मोठी!”

“शाबास. कुठं लागला?”

“उतरून बघतो, मग सांगतो.”

“बघ. बाण शोध. बाण बघितल्याशिवाय काही बोलू नकोस.”

रोमन उतरला. खरं तर त्याला उतरायच्या आधीच कळलं होतं. छातीत बाण बसलेलं हरीण लाथ झाडतं आणि जिवाच्या आकांताने पळतं, हे ऑर्लिनने त्याला कितीदा सांगितलं होतं. ही पळाली नव्हती. भरल्या पोत्यावर काठी बसावी तसा आवाज झाला, तिने पाठीची कमान केली आणि ती चालत गेली. मान खाली घालून, एखाद्या म्हातारीसारखी. तो तिच्यावर नेम धरून होता तेव्हा ती उभी होती. त्याचं बोट सुटलं आणि त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकलं. एवढंच झालं होतं.

बाण शेवाळात रुतलेला सापडला. पिसांपर्यंत हिरवा. त्याने नाकाशी नेला आणि लगेच दूर धरला.

आणि मग फोन वाजला. ऑर्लिनला धीर धरवला नव्हता.

“सापडला का बाण? कुठं लागला?”

मागून डेलचा आवाज आला. डेल म्हणजे ऑर्लिनचा मुलगा, रोमनचा मेहुणा. धारा काढून झाल्या की रोज बापाकडे कॉफीला येऊन बसायचा. “चुकला असेल, बाबा! झाडाला लागला असेल! विचारा त्याला, कात्री काढून ठेवू का? या वेळी बाही कापू म्हणावं, कडा संपल्या!” आणि डेलचं ते हसणं, छातीतून येणारं, दुष्टपणा अजिबात नसलेलं. त्याच हसण्याबरोबर गेल्या वर्षी बेथच्या बारमध्ये सगळे हसले होते. रोमनही हसला होता. कड कापून घेताना हसावंच लागतं.

“छातीत,” रोमन म्हणाला. “खांद्याच्या अगदी मागे.”

•

त्याऐवजी असंही बोलता आलं असतं:

“कुठं लागला?”

“कोठ्यात. बाण हिरवा आहे.”

“बरं. आवाज न करता घरी ये. कॉफी पी. दिवस कलला की बघू.”

डेल हसला असता. तो तसाही हसतोच.

•

वीसेक वर्षं झाली रोमनला या खोऱ्यात येऊन. मिलवॉकीतला कारखाना बंद पडला, बायको सिग्ने म्हणाली माझ्या गावी जाऊ, आणि ते आले. तो शाळेची बस चालवायला लागला. चांगली चालवायचा. बर्फातसुद्धा एखाद्याची शाळा चुकली नाही. लोक त्याला हात करायचे, त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचे. पण पानं गळायला लागली की खोऱ्यातले सगळे पुरुष आणि निम्म्या बाया एका वेगळ्याच भाषेत बोलू लागत. कोणत्या रानात, कुठल्या वाऱ्याला, किती हाताच्या अंतरावर. चर्चच्या तळघरात कॉफीचा पेला धरून रोमन या बोलण्याच्या कडेला उभा राही आणि जिथे बाकीचे हसत तिथे हसे. त्याचं नाव काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हाक मात्र ‘मिलवॉकी’ अशीच यायची.

ऑर्लिनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तो एकदा म्हणाला, “मला आता मचाणावर चढवत नाही. धनुष्य नुसतं खुंटीवर आहे. शिकतोस का?”

रोमनने त्या दिवशी घरी येऊन सिग्नेला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “अरे, कळलं. हो म्हणालास ना?”

गोठ्यामागे पेंढ्याच्या गठ्ठ्यावर दोन उन्हाळे सराव झाला. ऑर्लिन खुर्ची टाकून बसायचा. तो फार बोलायचा नाही, आणि जे बोलायचा ते एकदाच. एक गोष्ट मात्र त्याने पुन्हा पुन्हा सांगितली होती.

“बाण सुटला की मी तिथं नसतो. तू असतोस. कुठं लागला ते तू सांगणार, आणि त्यावर मी ठरवणार थांबायचं किती. छातीत असेल तर अर्धा तास. कोठ्यात असेल तर अख्खा दिवस थांबायचं. ती जवळच कुठंतरी बसते आणि तिथंच शांतपणे जाते. घाई करून उठवलीस तर मग ती मैलभर जाते, आणि जाते ती कशी जाते ते बघवत नाही. तेव्हा तू सांगशील ते मी स्वतः बघितलं असं धरणार. कळलं?”

“कळलं.”

“बस. बाकी सगळं सरावानं येतं.”

•

बाण त्याने नेच्याच्या पानांनी पुसला. वास गेला नाही. ओल्या मातीत घासला. तरी गेला नाही. मग एका पडलेल्या, कुजलेल्या बुंध्याखाली हात कोपरापर्यंत घालून तो आत सरकवला आणि वर पाला लोटला. हे करताना त्याला स्वतःचा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसत होता.

ऑर्लिन काठी टेकत आला. डेलचं मक्याचं काम राहिलं होतं, तो संध्याकाळी येणार होता.

“बाण?”

“नाही सापडला. आरपार जाऊन कुठंतरी गवतात गेला असेल.”

ऑर्लिनने त्याच्याकडे पाहिलं. मग शेवाळातल्या त्या खळग्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाला.

माग काढायला सुरुवात केली. रक्त इतकं थोडं होतं की दोन ठिपक्यांमध्ये माणूस हरवून जावा. ऑर्लिन एका पानाशी वाकला, पान उलटं केलं, सुलटं केलं.

“छातीत म्हणालास ना?”

“हो.”

“मग रक्त कुठंय?”

“आत साचलं असेल,” रोमन म्हणाला. हे वाक्यही त्याला ऑर्लिननेच शिकवलं होतं.

“असेल,” ऑर्लिन म्हणाला, आणि पुढे निघाला. जावयाच्या शब्दावर चालणारा तो म्हातारा माणूस, एक पाय जरा ओढत, झुडपं काठीने बाजूला सारत. रोमन मागून चालला होता. त्याला वाटत होतं आता सांगावं. पुढच्या झाडापाशी सांगू. त्या दगडापाशी. ओढ्याच्या अलीकडे नक्की.

काटेरी जाळीतून ती उठली.

दोघांच्या इतक्या जवळून उठली की तिच्या अंगाखाली चेपलेलं गवत वर येताना दिसलं. पाठीची कमान, शेपटी मागच्या पायांत घट्ट दाबलेली. पांढरी शेपटी झेंड्यासारखी उभारून पळणारी हरणं रोमनने बसच्या काचेतून हजारदा पाहिली होती. ही पळत नव्हती. दोन उड्या, मग चाल, मग उभी, मग पुन्हा दोन उड्या. आणि मग उताराखाली दिसेनाशी.

ऑर्लिन थांबला. त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. तो मागे वळला नाही, आणि म्हणून त्याचा चेहरा कसा झाला हे रोमनला दिसलं नाही.

“बसू या,” एवढंच म्हणाला.

•

ते बसले. जाळीच्या कडेला एक उन्मळलेलं झाड होतं, त्यावर. ऊन चढत गेलं. माश्या आल्या. अशा उबेत थांबणं म्हणजे मांस हातचं जाणं, आणि न थांबणं म्हणजे तिला आणखी पुढे रेटणं. दोन्हींतलं काय निवडायचं हे ऑर्लिनने रोमनला विचारलं नाही.

दुपारी त्याने खिशातून कागदात बांधलेला ब्रेड काढला. आत चीज आणि सॉसेजच्या चकत्या. अर्धा मोडून रोमनपुढे केला.

“नको, भूक नाही.”

“खा. संध्याकाळी ओढायची आहे तिला.”

रोमनने खाल्लं. ऑर्लिन कुंपणाबद्दल बोलला. वरच्या कुरणातले दोन खांब वाळवीने गेलेत. खुब्याबद्दल बोलला, डॉक्टर म्हणतो चाला, आणि चाललं की तोच डॉक्टर म्हणतो एवढं कशाला चाललात. एरवी या बोलण्यावर रोमन हसला असता.

“ऑर्लिन, मी—”

“हळू. ऐकू जातं तिला.”

पाला वाजत होता. लांब कुठेतरी डेलचं मक्याचं यंत्र घरघरत होतं. रोमनने तोंड मिटलं. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपल्याला थांबवलं याचं आपल्याला बरं वाटलंय.

दिवस कलल्यावर ते उताराखाली गेले. जखमी हरीण पाण्याकडे जातं. ओढ्याच्या वळणावर, लव्हाळ्यांत, ती होती. जिवंत. ऑर्लिनने हाताने रोमनला अडवलं आणि बोटाने दाखवलं.

“तुझी आहे ती,” तो कुजबुजला. “तूच कर.”

रोमनने दुसरा बाण लावला. या वेळी तो जिथे लागायला हवा तिथे लागला.

•

साफ करायला ऑर्लिन स्वतः बसला. खुबा धरून, दात आवळून, हळूहळू गुडघ्यांवर आला. रोमन पुढे झाला तर म्हणाला, “तू पाय धर.” त्याने पोट फाडलं आणि तो वास बाहेर आला. सकाळचाच, पण दिवसभर उबेत आंबलेला. आतलं सगळं हिरवं होऊन गेलं होतं.

ऑर्लिनने आतडी बाहेर काढली, हाताने ओढ्याचं पाणी मारमारून पोकळी धुतली. मग कण्याच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या दोन पट्ट्यांशी आला. हरणातलं सगळ्यात मऊ मांस ते. पहिल्या शिकारीच्या रात्री घरचे सगळे जमतात, या पट्ट्या लोण्याकांद्यात परततात आणि पहिला घास शिकाऱ्याने घ्यायचा असतो. सिग्नेचा दुपारीच निरोप आला होता, ‘लोणी बाहेर काढून ठेवलंय.’

ऑर्लिनने पट्ट्या सोडवल्या, हातावर घेतल्या, वास घेतला. एकदा धुतल्या. पुन्हा वास घेतला. मग वाकून त्या लव्हाळ्यांमध्ये ठेवल्या. फेकल्या नाहीत, ठेवल्या.

“कोल्हे खातील,” म्हणाला.

मग त्याने हात धुतले. फार वेळ धूत होता.

•

हौगनांचं स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. डेल, त्याची बायको करीन, बटाटे, आंबवलेलं बीट, ब्रँडीचे पेले. बाहेर झाडाला हरिणी उलटी टांगलेली. डेल तिला बघून आला होता आणि अंधार पडता पडता त्याला तिच्या जखमा नीट दिसल्या नव्हत्या.

ऑर्लिन तळघरातून वर आला. त्याच्या हातात पांढऱ्या कागदाचा पुडा होता. कागद त्याने जिन्यातच सोडला आणि ताटलीत मांस सिग्नेपुढे ठेवलं.

“घे. पट्ट्या.”

सिग्नेने त्या तव्यात टाकल्या. चरचर झाली नाही. तव्यात पाणी जमलं. तिने पाण्याकडे पाहिलं, मग बापाकडे. ऑर्लिन खिडकीबाहेर बघत होता. तिने तवा मोरीवर तिरका धरला, पाणी ओतून दिलं, आच मोठी केली. वर लोणी टाकलं. आता चरचरायला लागलं.

“चल, मिलवॉकी!” डेलने टेबलावर थाप मारली. “पहिला घास तुझा. बघतोयस काय, विष आहे का त्यात?”

रोमनने घास घेतला.

“बोल की! कसंय?”

“मऊ आहे.”

“मऊ आहे म्हणतो! अरे, वीस वर्षं तुला आमच्या हातचं फुकट खायला घातलं तेव्हा नाही कधी म्हणालास मऊ!” सगळे हसले. करीन म्हणाली, “खाऊ दे रे त्याला, लाल झालाय बघ कसा.”

“बरं, किती पळाली?” डेलने विचारलं.

रोमनच्या तोंडात घास होता. तो गिळून सांगायचं, असं त्याने ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

“चाळीसेक पावलं,” ऑर्लिन म्हणाला. “दोन्ही फुप्फुसं. पडली ती उठली नाही.”

ऑर्लिन हौगनने सांगितलं की संपलं. जत्रेत जनावरांचं वजन अंदाजाने सांगायची पैज लागली की पंच म्हणून त्याला बसवायचे, कारण त्याचा स्वतःचा बैल हरला तरी तो हरला म्हणायचा.

“खरं तर—” रोमन म्हणाला.

“मीठ दे इकडं,” ऑर्लिन म्हणाला.

रोमनने मीठ दिलं.

मग डेल उठला, खिशातून एक लाल-काळ्या चौकटीचा तुकडा काढून रोमनच्या ताटाशेजारी ठेवला. बेथकडून सोडवून आणला होता. “घे. दोरीवरून उतरलास.” आणि त्याने रोमनच्या पाठीवर हात ठेवला, काढला नाही, आणि पहिल्यांदाच नावाने हाक मारली. “पी रे, रोमन.”

वीस वर्षं ज्या हाकेची वाट पाहिली ती ही. रोमनला पेला उचलवेना.

•

परतताना गाडी सिग्ने चालवत होती.

“बाबांनी गेल्या वर्षीचं मांस का आणलं?”

रोमनने खिडकीची काच खाली केली.

“कोठ्यात लागला होता?”

“हो.”

“आणि तू त्यांना काय सांगितलंस?”

पुढे रस्ता होता, दिव्यांच्या उजेडात येणारा आणि जाणारा. सिग्ने ऑर्लिनच्याच घरात वाढली होती. ‘कुठं लागला?’ हा प्रश्न कोण कोणाला का विचारतं हे तिला सांगायला नको होतं. उत्तर आलं नाही तेव्हा तिला तेही कळलं.

घराच्या वळणावर ती म्हणाली, “मग तुला गिळवलं कसं रे?”

रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

•

सोमवारी बसमध्ये मुलांनी टाळ्या वाजवल्या. खोऱ्यात बातमीला पाय फुटतात. पाचवीतली आनिका ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर येऊन बसली. तिने उन्हाळ्यातच शिकारीची परीक्षा दिली होती आणि मोठ्या माणसांशी ती बरोबरीने बोलायची.

“मिस्टर विटेक, फुप्फुसात ना?”

आरशात तिचे डोळे दिसत होते. उत्सुक, तपासणारे.

इतका वेळ ते खोटं ऑर्लिनचं होतं. फोनवरचं आणि रानातलं सोडलं तर रोमनने या सगळ्यात स्वतः काही सांगितलंच नव्हतं, अशी त्याने मनाशी एक वाट काढून ठेवली होती.

“हो,” तो म्हणाला. “दोन्ही.”

“किती पळाली?”

“चाळीस पावलं.”

“माझं हरीणही तेवढंच पळालं!” आनिका खूश झाली. “म्हणजे तिला कळलंच नसणार काही.”

उतार आला. रोमनचा पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. “धक्का! धक्का!” मागून मुलं ओरडली.

•

बस जागेवर लावून तो तसाच ऑर्लिनकडे गेला. ऑर्लिन वरच्या कुरणात कुंपणाचा खांब ठोकत होता. रोमनने न सांगता दुसरं टोक धरलं.

“ऑर्लिन, कोठ्यात लागला होता. मला माहीत होतं. बाण सापडला होता.”

“हं.”

“मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

ऑर्लिनने घण उचलला, मारला. खांब थोडा आत गेला.

“मग तुम्ही सगळ्यांसमोर असं का सांगितलंत?”

“पोरीचा नवरा आहेस,” ऑर्लिन म्हणाला. “आणि डेल जन्मभर हसला असता.” पुन्हा घण. “सरळ धर.”

“मला माफ—”

“मला सांगून आता काय करायचंय,” ऑर्लिन म्हणाला. आवाज चढला नाही. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला. “सरळ धर म्हटलं ना.”

रोमनने खांब सरळ धरला.

•

पुढच्या वर्षी, थंडी पडल्यावर, त्याच ओकवरून रोमनने आणखी एक हरीण मारलं. नर, लहान शिंगांचा. बाण जिथे हवा तिथेच बसला. त्याने लाथ झाडली, पळाला, आणि नजरेच्या टप्प्यातच कोसळला. रोमनने फोन केला.

“लागला,” तो म्हणाला, आणि थांबला. त्या जागी एक प्रश्न यायचा असतो.

“येतो,” ऑर्लिन म्हणाला.

तो आला. बुंध्याला काठी टेकवली, खुबा धरून वाकला, पाल्यावरच्या रक्ताला बोट लावलं. बोट उजेडात धरलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. शेजारी रोमन बाण पुढे करून उभा होता. बाण गुलाबी होता, त्याच्यावर बारीक फेस अजून ओला होता. ऑर्लिनने बाणाकडे पाहिलं नाही. तो चार पावलं पुढे जाऊन दुसऱ्या ठिपक्याशी वाकला.

“अर्धा तास थांबू,” स्वतःशीच म्हणाला.

रोमनचा हात तसाच पुढे होता. थोड्या वेळाने त्याने तो खाली घेतला.

•

आदल्या वर्षी ओढ्याकाठी रोमनने दुसरा बाण लावला, तेव्हा हरिणी पाणी पीत होती.